चांदीच्या गावात तांब्याची मोड

डोकं वर ठेवून चाला. गल्ली इतकी अरुंद आहे की दोन्ही हात पसरलेत तर दोन्हीकडच्या भिंतींचा चुना बोटांना लागेल. वर आभाळाची नुसती पट्टी. त्या पट्टीतून "आग्वा बा!" अशी आरोळी आली की विचार करत बसायचं नाही, भिंतीला चिकटायचं. आरोळीचा अर्थ 'पाणी येतंय' असा आहे. येतं ते रात्रभर भरलेलं मडकं. तुमच्या पुढे चालणारा भिक्षू सराईतपणे एका उंबऱ्यात सरकला. तुम्हाला अर्धं पाऊल उशीर झाला. खिडकीतली बाई तुमच्या माखलेल्या बुटांकडे बघते आणि खिडकी लावून घेते. ओरडली होती ना ती? मग तिच्याकडून हिशेब चुकता.

वर्ष १६१४, महिना ऑक्टोबर. शाळेच्या नकाशात तुम्ही ज्याला सेव्हिल म्हणत होता ते हे गाव. इथली माणसं सेविया म्हणतात. लाखाच्या वर वस्ती. अमेरिकेशी होणारा स्पेनचा जवळजवळ सगळा व्यापार समुद्रापासून इतक्या आत असलेल्या या नदीबंदरातून चालतो, आणि त्याची दप्तरं १५०३ पासून 'कासा दे कोन्त्रातासिओन' या कचेरीत ठेवली जातात. १५९५ च्या मार्चमध्ये धक्क्यापासून त्या कचेरीपर्यंत चांदी, सोनं आणि मोती भरलेल्या ३३२ बैलगाड्या गेल्या, असं एका गावकऱ्याने लिहून ठेवलंय. तुम्ही हे वाचूनच आला आहात, म्हणून जरा डोळे दिपायची तयारी ठेवून हिंडता आहात. तर ते सोडा. चांदी पेटीतून उतरते, पेटीतून टाकसाळीत जाते आणि पेटीतूनच जेनोव्हाच्या सावकारांकडे निघून जाते. एवढी चांदी येऊनही इथल्या राजांनी १५५७, १५७५, १५९६ आणि १६०७ मध्ये सावकारांपुढे हात वर केले आहेत. तुमच्या मुठीत येणार ते तांबं. इथले दिवस तांब्यातच जायचे आहेत.

राहायला खोली मिळाली आहे ती एका 'कोर्राल'मध्ये. मधे चौक, चौकात विहीर, चारी बाजूंना एकेक खोलीची बिऱ्हाडं, वर लाकडी सज्जा, सज्जावर वाळत घातलेले कपडे. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्याला इथे नवं काही वाटणार नाही. भांडणांचे विषयसुद्धा तेच. घरमालकीण विधवा आहे, काळ्या कपड्यातली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिने तुम्हाला बसायला सांगितलेलं नाही.

"कुठले तुम्ही?"

"गोव्याचा."

"म्हणजे इंडीजचे. मेक्सिकोकडे येतं का ते?"

"नाही. पोर्तुगालच्या ताब्यातलं. पूर्वेकडचं."

"असं होय. मग आपल्याच राजाचे की!"

बरोबर आहे तिचं. १५८० पासून पोर्तुगालची गादीही स्पेनच्या राजाकडे आहे, त्यामुळे मांडवीच्या काठावरचा माणूस आणि ग्वादलकिविरच्या काठावरची ही बाई, दोघंही तिसऱ्या फिलिपची रयत. एवढ्याने तुमची अर्धी परीक्षा पार पडते. पुढचा प्रश्न अवघड आहे, कारण तो फार सहज विचारला जातो: बाप्तिस्म्याचं नाव काय? पेद्रो म्हणा, हुआन म्हणा, पण अडखळू नका. होड्यांच्या पुलापलीकडे, त्रियानात, सान होर्हेचा किल्ला आहे. इन्क्विझिशनचं ठाणं तिथे. इथे ते १४८० नंतर लगेच उभं राहिलं, गोव्यात १५६० मध्ये. जुन्या गोव्यातल्या त्या वाड्याला लोक दबक्या आवाजात व्हडलें घर म्हणत. इथली माणसं नावही न घेता नुसती नदीकडे हनुवटी उडवतात.

नाव सांगून झालं. तिने भाड्याचा पहिला चांदीचा रेआल दाताखाली धरून पाहिला आणि तो कुठेतरी कपड्यांत नाहीसा झाला. परत आली ती तांब्याची मोड, ओंजळभर. एका रेआलचे ३४ मारावेदी. हे पाठ करणं सोपं आहे. खरी गंमत नाण्यांच्या तोंडावर आहे. १६०३ मध्ये राजाने हुकूम काढला की जुनी तांब्याची नाणी टाकसाळीत आणा आणि दुप्पट किमतीचा शिक्का मारून घ्या. दोनाचं चार झालं, चाराचं आठ. तांबं तेवढंच राहिलं, राजाची उधारी तेवढी फिटली. ही युक्ती राजाला सुचली तशी परदेशातल्या चोरट्या ओताऱ्यांनाही सुचली, आणि समुद्रमार्गे खोट्या तांब्याची पिंपं येऊ लागली. म्हणून इथे मोड घेताना कोणी नुसतं मोजत नाही. बोटाने चाचपतात, उलटं करतात, दगडावर टाकून आवाज ऐकतात. सात-आठ वर्षांचं पोरही हे करतं. तुम्ही मात्र ओंजळ सरळ खिशात ओतलीत, आणि घरमालकिणीच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरलं.

सकाळी पावाचा आवाज येतो. खरंच आवाजच: खेचरांच्या गळ्यातल्या घंटा. पाव सेवियात भाजला जातो, पण नावाजलेला पाव आल्काला दे ग्वादाइराचा. तिथून पहाटे निघालेली खेचरं साधारण पंधरा किलोमीटर चालून वेशीतून आत येतात. गंमत म्हणजे गावाचं पिण्याचं चांगलं पाणीही त्याच आल्कालाच्या झऱ्यातून, कमानींवरून बांधून आणलेल्या पाटाने येतं. पाववालीच्या पाटीत वर कालचे पाव असतात, खाली आजचे. अनोळखी गिऱ्हाइकाला वरचा. तक्रार करायची नाही. ती ऐकू न आल्यासारखं करते. रोज त्याच वेळी, त्याच कोपऱ्यावर, नेमकी मोड हातात घेऊन उभं राहायचं. एके दिवशी ती तुमच्याकडे न बघता हात पाटीच्या तळाशी घालते आणि ऊन पाव तुमच्या हातात ठेवते. परदेशात नागरिकत्व म्हणून जे काही मिळतं त्यातलं हे सगळ्यात टिकाऊ, असं माझं मत आहे.

पाणीवाल्यापाशी मात्र जरा रेंगाळा. मोठा मातीचा घडा, घड्याच्या पोटावर पाझरून आलेले थेंब, फाटक्या बाहीचा म्हातारा. तो तांब्याचं नाणं घेतो आणि काचेचा पेला तुमच्या हातात देतो. पेल्याच्या तळाशी अंजीर आहे. काढून टाकू नका, ते पाण्याला वास यावा म्हणून मुद्दाम ठेवलेलं असतं. पेला त्याचाच, तुमच्या आधी वीस जणांनी तोंडाला लावलेला. विटाळाच्या ज्या काही कल्पना तुम्ही घरून आणल्या असतील त्यांचं विसर्जन या पेल्यात होतं. तुमच्या आधी एका काळ्या झग्यातल्या वकिलाने पाणी प्यायलं. तुमच्या नंतर एक हमाल पिणार आहे. म्हातारा कोणाशी बोलत नाही. पेला परत घेताना तो तुमच्याकडे बघतो, किती तहान होती हे जोखल्यासारखा, आणि न मागता पुन्हा अर्धा भरून देतो. त्या अर्ध्याचे पैसे तो घेत नाही.

तिथे पंधरा वर्षांचा एक मुलगा उभा दिसला, पाण्यापेक्षा घड्यावरच्या थेंबांकडे जास्त बघणारा, तर त्याला धक्का मारू नका. फ्रान्सिस्को पाचेको या चित्रकाराकडे तो उमेदवारी करतो, नाव दिएगो वेलास्केस. आणखी सहाएक वर्षांनी तो अशाच एका पाणीवाल्याचं चित्र काढील: घडा, थेंब, पेला, पेल्यातलं अंजीर. ते चित्र आता लंडनमध्ये आहे. त्याआधी, १६१८ मध्ये, तो अंडी तळणाऱ्या म्हातारीचं चित्र काढील. राजे आणि राजकन्या त्याच्या हाती पुढे लागल्या. हात बसला तो या गल्लीतल्या माणसांवर.

घंटा. छोटी, हातातली, भराभर वाजणारी. ऐकताच गल्लीतलं सगळं थांबलं. खेचरवाल्याने टोपी काढली, पाववालीने पाटी खाली ठेवली, दोन माणसं तावातावाने भांडत होती ती वाक्याच्या मधोमध गप्प झाली. मरणाला टेकलेल्या कोणाच्या तरी घरी पाद्री शेवटचा प्रसाद घेऊन निघाला आहे. सगळे जिथे होते तिथे गुडघ्यांवर. तुम्हीही. खाली काय आहे ते पाहू नका. सकाळच्या आरोळीनंतर जे वाहून आलं तेच आहे. छत्र, मेणबत्त्या, घंटा वाजवणारा पोरगा, आणि मागे चालणारे चार लोक. पाद्री दिसेनासा झाला की भांडण जिथे तुटलं होतं तिथून पुढे चालू. तुमच्या शेजारी गुडघे टेकलेला चांभार उठताना तुम्हाला हात देतो आणि तुमच्या गुडघ्यावरच्या चिखलाकडे बघून मान डोलावतो. तो चिखल म्हणजे दाखलाच. उद्या कोणी विचारलं की तो परदेशी कसा आहे, तर हा चांभार सांगेल: गुडघे टेकतो.

असे दाखले इथे जेवणाच्या ताटातही मागितले जातात. दुपारी चौकात सामायिक चुलीवर 'ओय्या' शिजते: हरभरे, कोबी, हाडं आणि खारवलेल्या डुकराचा तुकडा. घरमालकीण तुम्हाला वाढते आणि डाव परत नेत नाही, हातातच धरून उभी राहते. तुम्ही डुकराचा तुकडा आधी उचलता की शेवटी, की बाजूला सारता, हे तिला बघायचं आहे. तिला तुमच्याशी वैर नाही. चार वर्षांपूर्वी, १६१० च्या सुरुवातीला, मोरिस्कोंना, म्हणजे मुसलमान पूर्वजांच्या ख्रिस्ती झालेल्या वंशजांना, या गावातून हाकललं गेलं. हजारो माणसं याच धक्क्यावरून जहाजांत भरली गेली. याच चौकातली एक खोली तेव्हा रिकामी झाली, आणि ती कोणती हे तुम्हाला कोणी सांगणार नाही. त्यांच्याबद्दल बोलणं निघतं ते फक्त एका बाबतीत: कोपऱ्यावर तेलात तळलेले गोड गोळे मिळायचे, आता तसे मिळत नाहीत. बायका हे खरोखर हळहळून सांगतात. गोळे करणारा कुठे गेला, त्याची पोरं जगली का, हे विषय हळहळीत बसत नाहीत. तुम्ही तुकडा खा.

जेवणाला तिखट नाही, ही तुमची खरी व्यथा. पण वर सज्जावर बघा. तुळशीसारख्या एका झाडाच्या शेजारच्या कुंडीत लाल मिरच्या लागल्या आहेत. मिरची अमेरिकेतून याच बंदरात उतरली. इथल्या सिएर्पेस रस्त्यावर निकोलास मोनार्देस नावाचा वैद्य राहायचा. १५८८ मध्ये वारला. तो स्वतः कधी अमेरिकेला गेला नाही, पण जहाजांवरून उतरणाऱ्यांना गाठून तिकडच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, आणि मिरची तेव्हाच स्पेनभर बागांतून आणि कुंड्यांतून लावली जाते असं त्यात नोंदवलं. त्याच सुमारास, १५६३ मध्ये, गोव्यात गार्सिया द ओर्ता या वैद्याचा हिंदुस्थानातल्या औषधींवरचा ग्रंथ छापून निघाला. क्लूसियस या पंडिताने दोघांचेही ग्रंथ लॅटिनमध्ये आणले आणि युरोपने ते सारख्याच उत्सुकतेने वाचले. मोनार्देस मानाने गेला. ओर्ताची हाडं मेल्यावर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, गोव्याच्या इन्क्विझिशनने उकरून जाळली; तो मनातून ज्यू राहिला, हा गुन्हा.

तुम्ही मिरची मागता. घरमालकीण म्हणते, शोभेला आहे ती, आणि चवीला किंचित घालतात. तुम्ही एक तोडून, नुसती, पावाबरोबर चावता. चौकातली बायकापोरं गोळा होतात. कोणी पाण्याचा तांब्या भरून तयार ठेवला आहे. तुमच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते तिखटाने आलेलं नाही हे तिथे कोणालाच कळत नाही. दुसरी चावल्यावर टाळ्या पडतात. त्या दिवसापासून शेजारची पोरं ओळखीपाळखीच्यांना घेऊन येतात आणि तुम्हाला मिरची खाऊन दाखवायला सांगतात. टोमॅटो मात्र अजून फारसा कोणी मनावर घेतलेला नाही. वेशीबाहेरच्या ला सांग्रे इस्पितळाच्या १६०८ च्या हिशेबवहीत काकड्यांबरोबर टोमॅटोची खरेदी आहे, पण तुमच्या घरमालकिणीला विचाराल तर ती म्हणेल, आजाऱ्यांना काय, काहीही घालतात.

संध्याकाळी गल्लीत एखादी बाई समोरून येते, डोक्यापासून काळं वस्त्र पांघरलेलं, चेहरा झाकलेला, उघडा फक्त एक डोळा. कोणाची बायको, कोणाची बहीण, कळायला मार्ग नाही, आणि तेच तिला हवं आहे. १५९० मध्ये राजाने याला बंदी घातली. चोवीस वर्षांनंतर तो एक डोळा तुमच्याकडे रोखून बघतो आणि पुढे जातो.

ऑक्टोबर संपत आला तसा एके दिवशी सगळा गाव नदीकडे धावतो. तुम्हीही गर्दीत ढकलले जाता. नदीवर पक्का पूल नाही. ओळीने बांधलेल्या होड्यांवर फळ्या टाकलेल्या, आणि त्यांवरून त्रियानाच्या बाजूने घोडे, गाड्या आणि मधे तीसेक माणसं, रेशमी पायघोळ कपडे, कमरेला दोन-दोन तलवारी, केसांची गाठ बांधलेली. जपानच्या सेंदाई प्रांताचा सरदार दाते मासामुने याचा वकील हासेकुरा त्सुनेनागा आला आहे. प्रशांत महासागर, मेक्सिको, हवाना असा प्रवास करून. बरोबर सोतेलो नावाचा फ्रान्सिस्कन पाद्री आहे, तो याच गावचा, त्यामुळे गर्दीत त्याचे नातेवाईकही ओरडताहेत. व्यापार हवा आहे, पाद्री हवे आहेत, असं पत्र त्यांनी आणलं आहे. तिकडे जपानात याच वर्षी ख्रिस्ती धर्मावर बंदीचा हुकूम निघाला. ती बातमी यांच्या मागून हळूहळू समुद्र ओलांडते आहे. हासेकुराला माहीत नाही, गर्दीला माहीत नाही, एकट्या तुम्हाला माहीत आहे, आणि सांगायची सोय नाही.

चांभार कोपराने ढोसतो. "तुमच्याकडचेच ना हे?"

नाही म्हणायला तोंड उघडता आणि थांबता. जपानच्या ख्रिस्ती लोकांचा बिशप १५८८ पासून गोव्याच्या आर्चबिशपच्या हाताखाली आहे. धर्मप्रसारक झेवियर जपानला गेला तो हिंदुस्थानातूनच. या चांभाराच्या नकाशात तुम्ही आणि हासेकुरा शेजारी आहात, आणि त्याचा नकाशा अगदीच खोटा नाही. "जवळचेच," तुम्ही म्हणता. तेवढ्याने तो खूश. पुढे आठवडाभर तो गिऱ्हाइकांना सांगत असतो की वकिलातीतला एकजण माझ्या शेजारी राहतो. जपान्यांपैकी काहीजण मागे नदीकाठच्या कोरिया नावाच्या इथल्याच एका गावात राहिले असावेत. आजही त्या गावात शेकडो लोकांचं आडनाव हापोन आहे.

गर्दी ओसरल्यावर तुम्ही तेल आणायला जाता. तेलाच्या दुकानापुढे रांग आहे. रांगेत बहुतेक गुलाम. १५६५ च्या शिरगणतीत या गावात दर चौदा माणसांमागे एक गुलाम भरला होता, बहुतेक आफ्रिकेतले. पुढच्या बाईच्या गालावर डागणीची खूण आहे, जुनी, कडा पुसट झालेली. ती तुमच्याकडे पाहत नाही. याच घडीला तुमच्या दख्खनेत, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला हबशी मलिक अंबर निजामशाहीचा कारभार हाकतो आहे आणि जहांगीरच्या फौजांना सळो की पळो करून सोडतो आहे. हेही इथे कोणाला सांगण्यासारखं नाही.

तुमची पाळी येते. दुकानदार भाव सांगतो. तुम्ही मोड हातावर घेऊन मोजता. बोलायला स्पॅनिश जमू लागलं आहे, पण पैसे माणूस मनातल्या भाषेतच मोजतो, आणि गडबडीत ते तोंडातून निघतं: "एक, दोन, तीन, चार, पाच…"

"स," मागून कोणीतरी म्हणतं. "सात. आठ."

वळून बघता. चाळिशीचा माणूस, हातात तेलाची बुधली, अंगावर एका पोर्तुगीज व्यापाऱ्याच्या घरचा उतरलेला कोट. सेवियाच्या नोटरींच्या दप्तरांत 'पोर्तुगालच्या हिंदातला' म्हणून खरेदी-विक्रीच्या नोंदी असलेले लोक आहेत. हा त्यांतला एक. लिस्बनमार्गे आला, केव्हा ते त्यालाही नीट सांगता येत नाही. "तूं खंयचो?" तो विचारतो, आणि तुम्ही उत्तर देण्याआधीच, "हांव साश्टेचो." मग शब्द अडतात. बरेचसे त्याचे गेले आहेत, मधे पोर्तुगीज येतं, मधे स्पॅनिश. तुमच्या गळ्यात आवंढा आहे आणि आता काहीतरी मोठं बोललं जाईल अशी तुमची समजूत आहे.

तो तुमच्या तळहातावरची मोड चाचपतो. दोन नाणी उचलून दगडावर टाकतो, कान देऊन ऐकतो. "ही खोटी. कोणी दिली?"

"घरमालकिणीने."

"भाडं किती घेते?"

तुम्ही सांगता. तो कपाळावर हात मारतो. फसवलं म्हणतो, कोर्रालातल्या खोलीला एवढं कोणी देतं का. दुकानदार ओरडतो, रांग ओरडते. तो बुधली पुढे करून तेल भरून घेतो, माप बारकाईने बघतो, एक थेंब कमी पडला म्हणून हुज्जत घालतो आणि ती जिंकतो. निघताना मालकाच्या घराकडे एकदा बघून घाईने सांगतो की रविवारी मिस्सा झाली की पूल ओलांडून ये, त्रियानाच्या मागच्या मळ्यात हिरवी कोथिंबीर मिळते. पेंडीला एक तांब्याचं नाणं. दोन मागितलीन तर सरळ चालायला लाग, तो मागून हाक मारतो.